खोपीच्या भिंतीला डांबर

आमच्या वाडीतल्या खोपीच्या भिंती मी स्वतःच्या हातांनी पक्क्या केल्या. त्या पावसाळ्यात खोपीत पाण्याचा एक थेंब शिरला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला वाटेल की बाईला काम जमलं नसावं. काम चोख झालं होतं. माझी सगळीच कामं चोख होतात आणि त्या चोखपणाचा मला आता वीट आला आहे.

आमची वाडी समुद्राजवळच्या निर्मळ गावात. वडील गेले तेव्हा वाडीत केळी होत्या, थोडी भाजी, अबोलीचे दोन वाफे आणि कुंपणाला लागून नारळ. थोरला भाऊ मुंबईत नोकरीला होता आणि आचोळ्याला एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बायकामुलांसह राहत होता. वाडीत उरलो आई आणि मी. मी सायकलवरून शाळेत जायचे आणि सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे. पस्तिशी आली होती, लग्न जमलं नव्हतं. का जमलं नाही याची नातेवाइकांकडे पुष्कळ कारणं होती. खरं कारण माझ्या तोंडावर कुणी बोलत नसे. मुलगी तिखट आहे, असं ते होतं.

तिखट म्हणजे मी आरडाओरडा करणारी नव्हे. मनाविरुद्ध झालं की मी अबोला धरायची. एक दिवस, दोन दिवस. ताट वाढलं की जेवायची, कामं करायची, पण शब्द नाही. घरात सहा माणसं असतात तेव्हा एकीच्या अबोल्याचं कुणाला काही वाटत नाही. दोनच माणसं असतात तेव्हा तो कुणावर पडतो हे सांगायला नको. आईने माझ्या मनाविरुद्ध बोलणं कधी सोडलं ते मला कळलंही नाही. मला वाटायचं, आमचं दोघींचं छान जमतं.

खोप होती विहिरीच्या पलीकडे, वाडीच्या पश्चिम टोकाला. दहा हात लांब, आठ हात रुंद, लाकडी फळ्यांच्या भिंती, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. ती बांधली होती मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे राहणारे ख्रिस्ती म्हातारे सुतार. तरुणपणी त्यांनी मचवे, म्हणजे शिडाच्या होड्या, बांधले, मग घरं बांधली, आणि वडिलांच्या सांगण्यावरून एका मोडीत निघालेल्या मचव्याच्या फळ्यांतून आमची खोप उभी केली. प्रत्येक फळी खालच्या फळीवर दोन बोटं चढवलेली, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळावं. पण फळ्यांच्या मध्ये बारीक फट राहायची, आणि छपराखाली चारही बाजूंना हात जाईल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली होती. लहानपणी मी आत उभी राहून अंगावर पडणारे उन्हाचे पट्टे बघत बसायची.

खोप होती सुकेळ्यांसाठी. आमच्याकडची राजेळी केळी पिकवून सोलायची आणि कारवीच्या काटक्यांच्या मांडवावर उन्हात घालायची. कारवी चांदीप गावाकडून यायची. आठ दिवस रोज दुपारी एकेक केळं उलटायचं, संध्याकाळी दव लागू नये म्हणून झाकायचं. केळं आटत आटत बोटाएवढं होतं, मधाच्या रंगाचं, चिकट, आणि त्याला असा वास येतो की वाडीतून जाणारा माणूस सायकलवरून उतरतो. वैशाखातल्या शेवटच्या घाण्याची पुडकी आई वाळक्या केळीच्या पानांत बांधायची, केळीच्याच सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या पट्टीने, आवळायची आणि खोपीत आडव्या बांबूला टांगायची. ती सोडायची थेट श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. मध्ये पुडक्याला कुणी बोट लावायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. उपासाला आईची सुकेळी अर्ध्या गावात जात. मिस्त्रींकडेही जात. त्यांना सोमवार नव्हता, पण पुडकं बरोबर त्याच दिवशी लागायचं.

पावसाळ्यात या पुडक्यांना दोन गोष्टी लागत. एक म्हणजे भिंतीला झाप. नारळाच्या झावळ्या दोन दिवस पाण्यात भिजवायच्या, मधोमध चिरायच्या आणि विणायच्या. ते झाप पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून बांधायचे, म्हणजे समुद्राकडून तिरपा येणारा पाऊस फळ्यांवर आपटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धग. एका खापरात भाताचं तूस घालून खोपीच्या मध्यभागी ठेवायचं, दिवसाआड. ते जळत नाही, नुसतं धुमसतं. धूर फळ्यांच्या फटींतून आणि छपराखालून हळूहळू बाहेर जातो आणि जाताना ओल घेऊन जातो. आई म्हणायची, पुडक्यांना घाम येतो, तो पुसावा लागतो. मला त्या बोलण्याचं हसू यायचं. विज्ञानाची बाई ना मी.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी झाप बांधताना आई स्टुलावरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. उरलेले झाप मी बांधले, एका रविवारी, घाईत. मी वरून सुरुवात केली आणि खाली येत गेले, कारण स्टुलावर चढणं आधी उरकावं असं मला वाटलं. झाप खालून वर बांधत जायचे असतात. वरचा खालच्यावर चढला पाहिजे, नाहीतर सांध्यातून पाणी सरळ आत जातं. आई हात गळ्यात अडकवून विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती आणि बघत होती. काही बोलली नाही. त्या वर्षी पश्चिमेकडची निम्मी पुडकी भिजून गेली.

भाऊ श्रावणात आला तेव्हा त्याने विषय काढला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. वाडी विकत घ्यायला एक बिल्डर त्याच्याकडे फेऱ्या मारत होता हे खरं, पण त्याला आईची काळजी होती हेही तितकंच खरं. तो म्हणाला, पाणी खारं होत चाललंय, राजेळीचे घड दर वर्षी कमी येताहेत, आईचा हात गेलाय, आणि हिची शाळा. हे सगळं कुणासाठी रेटायचं? आई म्हणाली, "मना नको तिकडे." एवढंच. पण भावाने या वेळी सोडलं नाही. शेवटी असं ठरलं की आणखी एक वर्ष बघायचं. पुढच्या श्रावणात सुकेळी नीट निघाली तर वाडी विकायचं नाव तो पुन्हा काढणार नाही. खराब निघाली तर आईने आचोळ्याला राहायला यायचं आणि कागदावर सही करायची. आई कबूल झाली. सुकेळ्यांवर तिचा भरवसा होता.

मी मात्र तिच्या भरवशावर विसंबायला तयार नव्हते. तिचं मनगट वाकडं जुळलं होतं, झाप विणताना बोटं अडखळत होती. मला वाटलं, दर वर्षी हे गवतपाल्याचं नाटक करायचंच कशाला? भिंत एकदाच अशी करून टाकावी की पुन्हा बघायला नको. आईला वाडीतून कुणी हलवू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याने काही फरक पडत नाही, तरी सांगेन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कामाला लागले. स्टेशनजवळच्या दुकानातून डांबराचा डबा आणला, जाड प्लॅस्टिकचा कागद आणला, खिळे आणले, बांबूच्या पट्ट्या चिरून घेतल्या. मचवे कसे बुजवतात हे मिस्त्रींकडून लहानपणी ऐकलं होतं. फटीत कापूस ठासायचा, वरून राळ भरायची. मी राळेऐवजी डांबर घेतलं आणि ते बाहेरून सगळ्या भिंतींनाही फासलं; आतून छपरापासून खालपर्यंत प्लॅस्टिक ठोकायचं होतं. एक दिवस मिस्त्री कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांना दिसत कमी होतं, पण डांबराचा वास त्यांच्या घरात पोचला असणार. काय करतेस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते कुंपणातून आत आले, बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाय, मचव्यात पानी भायेरून येते. खोपीत तसा नाय. भिंतीला जरा नाक ठेव."

मला ते आवडलं नाही. आपण उन्हात तापलेलं डांबर ढवळतोय, हाताला फोड आलेत, आणि कुणीतरी येऊन नाकाची गोष्ट सांगतंय. मी म्हटलं, मिस्त्रीबाबा, नाक ठेवलं म्हणूनच गेल्या वर्षी सर्दी झाली. माझ्या विनोदावर मीच हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, बरं, आणि गेले.

आईनेही एकदाच विचारलं. छपराखालची मोकळी जागा मी चटईने बंद करून त्यावर प्लॅस्टिक ठोकत होते. ती खालून म्हणाली, मग धग कशी द्यायची? मी म्हटलं, धग द्यायचीच नाही. डांबर आणि प्लॅस्टिक आहे, एक ठिणगी उडाली तर खोप पेटेल. आणि ओल आत येणारच नसेल तर धग हवी कशाला? ती म्हणाली, "पन पुडक्यांचा घाम..." मी हातोडी थांबवली आणि तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ती म्हणाली, चहा ठेवते.

ती नजर मला आज आरशात दिसते. शाळेत याच नजरेने पन्नास मुलं गप्प बसायची आणि मला त्याचा अभिमान होता.

सगळं झाल्यावर खोप देखणी दिसत होती असं मी म्हणणार नाही. काळीभोर, बुटकी, विहिरीपलीकडे दबा धरून बसलेली. पण मी आत गेले, दार ओढून घेतलं आणि अंधारात उभी राहिले. अंगावर उन्हाचा एक पट्टा पडला नाही. मला इतका आनंद झाला की मी भिंतीवर थाप मारली. आईने त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त मन लावून सुकेळी केली होती. वाकड्या मनगटाने एकेक केळं उलटत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. बहात्तर पुडकी झाली. ती तिने माझ्या काळ्या खोपीत टांगली, दाराला कडी घातली आणि कडीला हात लावून नमस्कार केला.

पाऊस त्या वर्षी फार झाला. समुद्राकडून असा सपकारत यायचा की घराच्या ओट्यावर उभं राहता येत नसे. मी शाळेतून भिजून यायची आणि आधी खोपीकडे जायची. बाहेरून पश्चिमेची भिंत बघायची. डांबरावरून पाणी नुसतं घरंगळत होतं. कडी काढून दारातूनच आतल्या अंधारात डोकावलं तर जमीन कोरडी दिसे, कोपरे कोरडे. आत कोंदट वास यायचा, पण तो डांबराचा असेल, असं मी ठरवलं. पुडक्यांना बोट लावायचं नाही हा नेम होता, आणि या एका बाबतीत मी फार नेमाची झाले होते. जेवताना मी आईला सांगायची, बघ, थेंब नाही. ती म्हणायची, हो. मी भावालाही पत्र टाकलं की आता काळजी नको. पत्रात थोडा टोमणाही मारला होता. तो इथे लिहीत नाही.

आषाढात मी सातवीला वनस्पतींचा धडा शिकवला. त्यात एक प्रयोग असतो, सगळ्यांनी केलेला. कुंडीतल्या रोपावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. मी विचारलं, हे पाणी कुठून आलं? बाहेरून आलं का? सगळा वर्ग एका सुरात नाही म्हणाला. मग कुठून? आतून, बाई. मी म्हटलं, शाबास. घंटा झाली, मी सायकलवर बसले, घरी आले आणि खोपीची पश्चिमेची भिंत तपासली.

असं माझ्या हातून झालं. एवढी शिकलेली बाई, हातात खडू, फळ्यावर बाण काढलेला, आणि शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेत मला ते सुचलं नाही. पुष्कळ वर्षं मी यावर विचार केला आहे. मूर्खपणाला निदान काही औषध असतं. मला खात्री होती, आणि त्याला काही नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं सकाळीच आली. आईने न्हाऊन, सोवळ्याने खोपीची कडी काढली. आम्ही मागे उभे होतो. दार उघडल्याबरोबर वास आला. तो डांबराचा नव्हता. आंबूस, दारूच्या गुत्त्यासारखा वास. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, छपरापासून खालपर्यंत, थेंबच थेंब होते. ते एकमेकांत मिसळून बांबूच्या टोकांवर ओघळत होते आणि तिथून पुडक्यांवर. बाहेर ऊन पडलं होतं आणि खोपीत टपटप चालू होती.

आईने पहिलं पुडकं काढलं, सोप सोडला. वाळकी पानं हातात लगदा होऊन आली. आत पांढरी, हिरवी बुरशी, आणि तिच्याखाली काळा पडलेला गोळा. तिने दुसरं सोडलं. तिसरं सोडलं. मला वाटलं होतं ती तिथे थांबेल, पण तिने एकही पुडकं न सोडता ठेवलं नाही. बहात्तरच्या बहात्तर, एकेक करून, गाठ न तोडता, नीट उकलून बघितली आणि बाजूला ठेवली. वहिनी मुलांना घेऊन घरात गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यभर मुद्दाम धरलेला अबोला त्या दिवशी न धरता आला.

शेवटचं पुडकं ठेवून आई उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी नाय आला पन भायेरून." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती माझी बाजू घेत होती, भावासमोर.

भाऊही काही लागट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने खोपीच्या मागे खड्डा खणला, सगळी पुडकी त्यात टाकली, माती लोटली आणि विहिरीवर हात धुतले. उपासाच्या फराळाला आईने त्या दिवशी रताळी उकडली. खाताना तो हळूच म्हणाला की आता चल. आई म्हणाली, बरं. मी म्हटलं, आणखी एक वर्ष दे. त्याने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. शब्द दिलाय, असं ती म्हणाली, आणि मुलांच्या ताटात आणखी रताळं वाढलं.

दिवाळीनंतर कागद झाले. मी शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली, कारण आचोळ्याहून सायकल जमली नसती आणि भावाच्या घरात मला तोंड दाखवायचं नव्हतं. आई दोन ट्रंका आणि तुसाचं खापर घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. खापर कशाला, असं वहिनीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुळस लावू. ते गॅलरीत ठेवलं. तुळस लावली होती, ती जगली नाही.

वाडी ताब्यात द्यायच्या आधी खोप मोडायची होती. मिस्त्रींनी फळ्या मागितल्या होत्या. चांगलं लाकूड आहे, कोंबड्यांचं खुराडं होईल. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले. मिस्त्री आणि त्यांचा जावई कौलं उतरवून बसले होते. पश्चिमेच्या भिंतीच्या फळ्या निघाल्या. बाहेरून डांबराने तुकतुकीत, आतून बोट लावलं तर भुसा होत होता. मी ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मग मला पूर्वेच्या भिंतीवर काहीतरी दिसलं. वरच्या अंगाला, छपराच्या आडोशाला जिथे पाऊस लागत नाही, तिथे काळ्या डांबरावर खडूच्या फुल्या होत्या. एका ओळीत, वीतभर अंतराने, आठ-नऊ फुल्या. नीट मापून काढलेल्या. डांबर लावून झाल्यावर मी पूर्वेची भिंत कधी बघितलीच नव्हती. पाऊस पश्चिमेकडून येतो ना.

मी मिस्त्रींना विचारलं, या कसल्या? ते जावयाला म्हणाले, जा, पाणी आण. तो गेल्यावर त्यांनी सांगितलं. आषाढाच्या सुरुवातीला, मी शाळेत असताना, आई त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, पुडक्यांना घाम सुटलाय, वास बदललाय, अजून वाचतील, काही करता येईल का? ते गिरमिट घेऊन आले. पूर्वेकडून भोकं पाडायची, आतलं प्लॅस्टिक तेवढ्या ठिकाणी कापायचं, अर्ध्या तासाचं काम. त्यांनी खडूने खुणा केल्या. पहिल्या फुलीवर गिरमिट टेकवलं. तेवढ्यात आईने त्यांचा हात धरला.

"वयनी म्हनाली, नको. पोरीनं एवढ्या हौशेनं केलाय. ती ऐकायची नाय आनि मंग बोलायची नाय." आईला ते वयनी म्हणत. त्यांनी डोळे किलकिले करून फुल्यांकडे बघितलं. त्यांना त्या दिसत होत्या की नाही कोण जाणे. म्हणाले, मी वयनीला बोललो, चार दिस नाय बोलनार, मग बोलेल. ती बोलली, आता नाय सोसवत.

मी त्या फळीपाशी गेले. पहिल्या फुलीच्या मधोमध गिरमिटाच्या टोकाचा बारीक खड्डा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. डांबर फुटून आतलं लाकूड दिसत होतं.

तशीच मी आचोळ्याला गेले. भाऊ कामावर होता, वहिनी बाजारात. आई खिडकीपाशी पाट टाकून बसली होती. खिडकी बंद. रस्त्यावरून ट्रक जात होते, धूळ येते म्हणून बंद ठेवतात, ती म्हणाली. दूधवाल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, उभ्या चिरून ती त्यांच्या पट्ट्या एकमेकींत विणत होती. झापासारख्याच, एक खाली एक वर. कशासाठी, म्हणून मी विचारलं नाही. हात चालू राहतात, एवढंच. ती आधीपेक्षा लहान दिसत होती. मी तिच्यासमोर बसले. वाटेत मी पुष्कळ काय काय ठरवलं होतं, तिला जाब विचारायचा, सही केलीस तेव्हा तरी सांगायचं होतंस, असं म्हणायचं. पण मी एवढंच म्हटलं की मिस्त्रींनी फुल्या दाखवल्या.

तिचे हात थांबले नाहीत. एक पट्टी खालून ओवून ती म्हणाली, "तुना राग आला असता."

मी उठून खिडकी उघडली. धूळ आत आली, आईने पदर नाकाला लावला, आणि मला खिडकी पुन्हा बंद करावी लागली.

ती त्या घरात पाच वर्षं होती. आम्ही यावर पुन्हा बोललो नाही. ती गेली त्याला आता बराच काळ झाला, आणि मी अजून तिच्या त्या वाक्याचं उत्तर देत असते, एकटीच, भाजी चिरताना, सायकलचं कुलूप लावताना. हो, आला असता. तुला मी दोन दिवस एक शब्द बोलले नसते. ताट ढकललं नसतं, पण वर बघितलंही नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू चहा ठेवला असतास आणि मी मिस्त्रींकडे जाऊन गिरमिट मागून आणलं असतं.

दोनच दिवसांचं होतं, आई.